उघडी काठी

आंबी, ता. मावळ
११ जानेवारी २०२५

ती. हिराअक्का हिचे सेवेशी,
संदेशचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझं पहिलं ब्रेल पत्र तुला आरशात धरल्यासारखं उलटं वाचावं लागलं, हे कळल्यावर मी ओट्यावर बसून एकटाच हसलो. टोचायचं उजवीकडून डावीकडे, मग कागद उलटला की ठिपके सरळ येतात, हे तू बजावून सांगितलं होतंस. पण पन्नाशीला आलेला हात बालवाडीतलं वळण सोडत नाही. हे पत्र सरळ असावं. नसलं तर शिव्या फोनवर दे.

बाकी फोनवर काही बोलता येत नाही, म्हणून तर हा खटाटोप. मी फोन कानाला लावला की घरातले सगळे कान इकडे. ठिपके मात्र या घरात मला एकट्यालाच वाचता येतात. परवा शुभदाने तुझ्या पत्राचा जाड कागद चांगला म्हणून सांडगे वाळत घालायला काढला होता. मी म्हटलं, अगं, त्यावर माझ्या बहिणीने मला झापलंय. तिने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, हितंबी खरखरीतच बोलत्यात तुमच्या अक्का.

डोळ्यांचं म्हणशील तर तुझ्यासारखंच चाललंय. पडदा कडेकडेने सुकत येतोय आणि मधलं भोक तेवढं उघडं आहे. सकाळी बुद्धरूपापुढे बसतो तेव्हा मेणबत्तीची ज्योत दिसते. मूर्तीकडे नजर नेली की ज्योत जाते. एका वेळी एकच, असं ठरून गेलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मन लावायचं तर एकाच गोष्टीत लावावं, हे ऐकून होतो. आता सक्तीने शिकतोय.

तू दिलेली पांढरी काठी घडी करून पिशवीत असते. टमटमने तळेगावपर्यंत जातो आणि स्टेशनच्या जिन्याशी ती उघडतो. लोणावळ्यात तुझ्याबरोबर बाजारातून फिरतो तेव्हा उघडी असते. परतताना तळेगावला पुन्हा घडी. गावात अंदाजाने चालतो. गावात ती काढायला हात धजत नाही, अक्का.

आता मुख्य बातमी. कोमलचं ठरत आलंय. मुलगा गौरव, वडगावचा, तिच्याच कंपनीत. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय, उरलो आम्ही म्हातारे. पुढच्या रविवारी, १९ तारखेला, त्याचे वडील महिपतराव आणि आई लीलाबाई आमच्याकडे येणार आहेत. शुभदाचे बंधू कोंडाजी यांनी सगळी आखणी केली आहे. माझ्या डोळ्यांचं पाहुण्यांना कळू द्यायचं नाही. बहीण तशी, भाऊ तसा, म्हणजे पोरगीपण तशीच होणार, असं म्हणून ते उठून जातील, हे त्यांचं म्हणणं. म्हणून मला आधीच खुर्चीत बसवून ठेवायचं आणि पाहुणे जाईपर्यंत उठू द्यायचं नाही. चहाचा कप शुभदा हातातच देईल.

कोमलला हे मान्य नाही. गौरवला तिने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलंय. ती म्हणते, त्याच्या आईवडिलांनाही आताच सांगा. कोंडाजी म्हणतात, आधी होकार तर येऊ दे, मग बघू. शुभदा रडते. मी मधे बसलोय. तुझं काय म्हणणं?

लोभ आहेच. ठिपका चुकला तर कान धरायचा हक्कही तुझाच.

तुझा धाकटा,
संदेश

*

लोणावळा
१६ जानेवारी २०२५

चि. संदेश यास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र सरळ होतं. मजकूर वाकडा.

खुर्चीत बसवून ठेवणार म्हणजे काय? तू बाप आहेस की कापडाच्या दुकानातला पुतळा? तुला इस्त्रीचा शर्ट घालून दारात ठेवायचं आणि गिऱ्हाईक पोरीला बघणार!

गेल्या रविवारचीच गंमत सांगते. सुट्टीची गर्दी, फुटपाथवर मोटरसायकली, चिक्कीच्या दुकानांपुढे फोटो काढणाऱ्यांची रांग. मी रस्त्याच्या कडेला मैत्रिणीची वाट पाहत उभी. एका गृहस्थाने काही न विचारता माझं मनगट पकडलं आणि ओढत पलीकडे नेलं. वर म्हणाला, झालं मावशी, पोचलात. मी म्हटलं, आता परत न्या, मला कुठेच जायचं नव्हतं. बिचारा इतका ओशाळला! मग त्याला सांगितलं, तू कोपर पुढे कर, मी धरते. तू अर्धं पाऊल पुढे चाल, उतार आला की सांग. धरायचं मी, ओढायचं तू नाही. परत येताना अगदी शहाण्यासारखा चालला.

संदेश, लोक वाईट नसतात. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आणि सांगणार कोण? ज्याला दिसत नाही तो. तोच काठी पिशवीत कोंबून बसला, तर बाकीच्यांनी ओळखायचं कसं?

मी शनिवारी काठीने चालायला शिकवते, त्या वर्गात कार्ल्याची चिमाबाई येते. सत्तरी उलटलीय, दोन्ही डोळे काचबिंदूने गेले. आता एकटी गिरणीत जाऊन दळण आणते. सून दारात उभी राहून घाबरते, सासू पिठाने पांढरी होऊन परत येते. तिला जमतं, आणि तू कारखान्यात वीस वर्षं यंत्र चालवलेला गडी आपल्याच दारात उठून उभा राहणार नाहीस?

शुभदावर चिडू नकोस. तिची भीती खरी आहे, उपाय खोटा आहे. पाहुण्यांना आताच सांगा, हे माझं मत. मी फोन करणार नाही. हे तुझं तू ठरवायचं.

लोभ आहे, म्हणून तर एवढं टोचते.

तुझी अक्का

*

आंबी
२१ जानेवारी २०२५

ती. हिराअक्कास सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र काल, सोमवारी हाती आलं. पाहुणे रविवारीच येऊन गेले.

ठरल्याप्रमाणे मी खुर्चीत होतो. बाहेर गाडी थांबली. कोंडाजी मोठ्याने या या करत पुढे गेले, चपला वाजल्या, चार-पाच आवाज एकदम आत आले. कोण कुठे उभं आहे तेच कळेना. मी अंदाजाने हसलो. कोमलने नंतर सांगितलं की मी खिडकीकडे बघून हसलो. महिपतराव माझ्यासमोर उभे राहून जयभीम म्हणाले होते. गोंगाटात मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला. तो हात तसाच राहिला, अक्का. मी खुर्चीत बसून खिडकीकडे बघत हसतोय आणि तो माणूस माझ्यापुढे हात धरून उभा. शेवटी त्यांनी तो खिशात घातला.

लीलाबाईंनी मला यंदाच्या भातपिकाचं विचारलं, उत्तर कोंडाजींनी दिलं. महिपतरावांनी कंपनीचं विचारलं, तेही उत्तर कोंडाजींनीच दिलं. मला कमी बोलायला सांगितलं होतं, मी पाळलं. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या आणि पाहुणे उठले.

नंतर गौरवचा कोमलला फोन आला. महिपतराव घरी जाऊन म्हणाले, मुलीच्या बापाला माज आहे. दारात वैरी आला तरी माणूस उठतो, हा बूड हलवायला तयार नाही, हातात हात द्यायला तयार नाही.

कोंडाजींनी लगेच वडगावला फोन लावून सावरासावर केली. म्हणाले, भावजींच्या मणक्यात गॅप आहे, डॉक्टरांनी हलायचं नाही सांगितलंय. तेव्हा आता मला मणक्याचं दुखणं झालं आहे. शुभदाने तळेगावहून कमरेचा पट्टा आणलाय. पाहुणे पुन्हा आले तर तो बांधून बसायचं.

आणखी एक लिहायचं आहे. फोनवर ते मला बोलता आलं नसतं. साखरपुड्याला तुला बोलवू नये, असं कोंडाजींचं म्हणणं आहे. म्हणाले, अक्का लग्नाला येऊ दे, तितं गर्दीत चालून जाईल. कोमल ताडकन उठून आत गेली. मी काय बोललो विचारशील, तर काही नाही.

लोभ ठेव. या वेळी मागतोय.

संदेश

*

लोणावळा
२७ जानेवारी २०२५

चि. संदेश यास आशीर्वाद आणि जयभीम.

मला राग आला नाही असं लिहिणार होते, पण काही ठिपके कागदाच्या आरपार गेलेत. ते तुझ्या बोटाला कळेलच.

हिशेब बघ. आंधळा म्हणवून घ्यायचं नाही म्हणून तू माजोरडा म्हणवून घेतलंस. माजोरडा म्हणवून घ्यायचं नाही म्हणून मणका मोडून घेतलास. उद्या बहिरा होशील, परवा लंगडा. एक खरं झाकायला अंगातले सगळे अवयव खर्ची पडतील आणि डोळे आहेत तसेच राहतील.

मीही पहिली काही वर्षं हे करून पाहिलंय. ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे, तिथे कोणाला कळत नसे. रस्त्यात ओळखीचा माणूस समोरून गेला की मी हसत नाही, म्हणून मला शिष्ट म्हणत. एकदा एकीने तोंडावर ऐकवलं. त्या दिवशी घरी येऊन काठी उघडली, ती पुन्हा मिटली नाही. लोक बिच्चारी म्हणायला लागले. म्हणेनात का! बिच्चारी म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. शिष्ट म्हणणारा तर पाठीमागे बोलतो.

आता माझं. मला साखरपुड्याला बोलवायचं की नाही हे तुमच्या घरानं ठरवावं. न बोलवता यायची मला सवय नाही. पण कोंडाजींना सांग, गर्दीत चालवून घ्यायला मी फाटकी नोट नव्हे. बोलवायचं तर नाव घेऊन बोलवा.

तुझं काय ते तू ठरव. मी शिकवणारी आहे, मनगट धरून ओढणारी नाही. कोपर पुढे केलंय. धरायचं की नाही हे तुझ्या हातात.

लोभ कमी झालेला नाही. आवाज चढलाय इतकंच.

तुझी अक्का

*

आंबी
१० फेब्रुवारी २०२५

ती. हिराअक्कास सविनय जयभीम. वि. वि.

काल वडगावला जाऊन आलो. एकटा. काठी घराच्या उंबऱ्यातच उघडली.

तुझं पत्र आल्यापासून आठ-दहा दिवस रोज सकाळी डोळे मिटून बसत होतो आणि मनात एकच येत होतं, तो पुढे केलेला हात. मला न दिसलेली गोष्ट मला इतकी दिसावी, याचं नवल वाटलं. शनिवारी रात्री शुभदाला सांगितलं, उद्या जातो. सकाळी काठीच्या घड्या खटखट उघडल्या तशी ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, लोकं काय म्हणतील. मग जवळ येऊन माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, आन् ह्या पट्ट्याचं काय करू? मी म्हटलं, तुझ्या भावाला बांध, मणका त्यांचाच आहे.

गिरणीपाशी बाजीराव बसले होते. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. लांबूनच ओरडले, आरं संदेश, काटी कसली ती, साप मारायला निगालास व्हय? मी थांबलो. म्हटलं, न्हाई भाऊ, मला दिसत न्हाई आता, म्हणून घेतली. बाजीराव म्हणाले, म्हंजी परवा आमच्या म्हशीवर धडाकलास, तवा तू पिलेला न्हवतास? मी म्हटलं, जन्मात थेंब घेतला नाही. तर म्हणतात, आरं तिच्या! आमी तर गावभर सांगून बसलो, संदेश लय प्यायला लागला म्हणून.

तू माजोरडा एवढंच मोजलं होतंस. गावात मी वर्षभर दारुडा होतो आणि मलाच पत्ता नव्हता.

बाजीराव उठले आणि माझ्या काठीचं पुढचं टोक धरून मला टमटमकडे न्यायला लागले, जसं पूर्वी आंधळ्याला नेत तसं. मी थांबवलं. सांगितलं, टोक सोडा, कोपर द्या. त्यांना गंमत वाटली. पण दिलं. आणि मग असे चालले की जणू वरात निघाली आहे. वाटेत जो दिसेल त्याला, बाजूला व्हा रं, दिसत न्हाई का आंधळा माणूस चाललाय! मी म्हटलं, भाऊ, हळू. तर म्हणाले, का? आता लपवायचं हाय का आजून?

वडगावला विचारत विचारत घर गाठलं. दार महिपतरावांनीच उघडलं. मी पायरीवर उभा राहून हात जोडले आणि म्हटलं, त्या दिवशी तुम्ही हात पुढे केलात, तो मला दिसला नाही. माझ्या मणक्याला काही झालेलं नाही. माझे डोळे चाललेत. माझ्या थोरल्या बहिणीचे माझ्या आधी गेले. हे तुम्हाला आमच्या घरात बसून सांगायचं होतं, ते सांगितलं नाही, म्हणून तुमच्या दारात येऊन सांगतो.

आत नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. लीलाबाई म्हणाल्या, आधी आत तर या.

महिपतरावांनी आडपडदा ठेवला नाही. पोरीला होणार का, असं सरळ विचारलं. मी म्हटलं, होऊ शकतं, न होऊही शकतं, आज कोणी छातीठोक सांगणार नाही. ते म्हणाले, मग तपासणी करून कागद आणा. कोमलने मला हे आधीच बजावून ठेवलं होतं, ते मी जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणते, डोळे माझे आहेत, तपासायचे तेव्हा मी माझ्यासाठी तपासीन, लग्नाचा दाखला म्हणून नाही. आणि दाखलेच मागायचे असतील तर दोन्हीकडून मागू, गौरवच्या साखरेपासून सुरुवात करू. यावर लीलाबाईंना एकदम खोकला आला. महिपतरावांना शुगर आहे, हे मला काय ठाऊक!

विचार करून कळवतो, एवढंच ते म्हणाले. पण निघताना पायरीपासून रस्त्यापर्यंत माझ्यापुढे चालले आणि चपला मुद्दाम वाजवत राहिले, मला वाट कळावी म्हणून. कोपर त्यांना माहीत नव्हतं. त्यांना सुचलं ते त्यांनी केलं.

स्थळ राहील की जाईल, ठाऊक नाही. पण परतताना तळेगावला काठी मिटायला हात गेला आणि तसाच मागे आला.

लोभ आहे, तो काल माझ्याबरोबर वडगावपर्यंत आला होता.

तुझा
संदेश

*

आंबी
३ मार्च २०२५

ती. हिराअक्कास सविनय जयभीम. वि. वि.

मागच्या आठवड्यात वडगावचा फोन आला. लीलाबाई शुभदाशी बोलल्या. होकार आहे. साखरपुडा २३ मार्चला, आमच्या आंबीच्या विहारात.

होकाराला एक शेपूट होतं. महिपतरावांचं म्हणणं, मुलीच्या वडिलांचं समजून घेऊ, त्यांना तर बाजूला ठेवता येत नाही. पण एका कार्यात दोघं दोघं नकोत, पाहुण्यांत चर्चा होते. तेव्हा आत्यांना त्या दिवशी पुढे बसवू नका.

फोन स्पीकरवर होता. कोंडाजी होकाराने मान डोलावत होते, हे कोमलने मला दंडाला धरून कानात सांगितलं. मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधी शुभदा बोलली. आपली शुभदा, अक्का! म्हणाली, बरं का विहीणबाई, अक्का पुढं बसणार न्हाईत, तुमी काळजी करू नका. कोंडाजींनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. मग ती म्हणाली, अक्का समोर उभ्या राहणार हायती. त्या दिवशी त्रिसरण-पंचशील त्याच म्हणणार. बाकी समद्यांनी त्यांच्या मागनं म्हणायचं.

पलीकडून लीलाबाई म्हणाल्या, ह्यांना सांगते. फोन बंद झाला आणि शुभदा मटकन खाली बसली. कोंडाजी तिच्यावर ओरडले, आगं पोरीचं वाटुळं करशील. ती म्हणाली, माजा नवरा एकटा वडगावला जाऊन आला, मला हितं बसून फोनवर चार शब्द बोलता येऊ नयेत व्हय दादा?

कोमलने तेव्हाच गौरवला कळवलं की आत्या समोर असतील तर साखरपुडा, नसतील तर नाही. गौरव म्हणतो, मी येणार आणि आईही येणार. महिपतराव अजून काही बोललेले नाहीत. आठवडा झाला.

तेव्हा अक्का, तुला न विचारता तुझं नाव आम्ही सांगून बसलो आहोत. नाव घेऊन बोलवतो. आंबीच्या विहारात २३ तारखेला हिरा यशवंत ओव्हाळ यांनी यावं आणि वंदना म्हणावी. मी लोणावळ्याला न्यायला येऊ का?

लोभ आहे, उत्तराची घाई आहे.

संदेश, आणि कानाशी बसलेल्या शुभदा व कोमल

*

लोणावळा
८ मार्च २०२५

चि. संदेश, सौ. शुभदा आणि चि. कोमल यांस अनेक आशीर्वाद व जयभीम.

येते.

न्यायला येऊ नकोस, गाडी मला ठाऊक आहे. पांढरी साडी काढून ठेवली आहे. शुभदाला सांग, साडीवर कुठे डाग असला तर तूच मला सांग, बाकीचे माझ्या तोंडावर छानच म्हणतात. आणि तिला हेही सांग की तुझं बोलणं मी पुन्हा पुन्हा बोटाखालून काढलं. खरखरीत बोलण्यात आता मी एकटी नाही, याचा आनंद वाटला.

विहारात माइक लावू नका. एवढी वर्षं टेलिफोनवर घालवलेला गळा आहे, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. महिपतराव आले तर त्यांचा मान ठेवा, पहिल्या रांगेत बसवा. चपला वाजवून वाट दाखवणारा माणूस वाईट नसतो, फक्त चर्चेला भितो. नाही आले तर वंदना थांबणार नाही, आणि उरलेलं जेवण आंबीतली पोरं संपवतील. कोमलने मान खाली घालून उभं राहू नये. ते मला दिसणार नाही, पण कळेल.

एक आधीच सांगून ठेवते, नंतर चुकलं म्हणू नका. बाकीची शीलं नेहमीच्या चालीत म्हणेन. चौथं, खोटं न बोलण्याचं, मात्र एकेक शब्द तोडून, सावकाश म्हणेन आणि मागून सगळ्यांचा आवाज आल्याशिवाय पुढे जाणार नाही. कोंडाजींना माझ्या अगदी जवळ उभं करा. मला त्यांचा आवाज वेगळा ऐकायचा आहे.

लोभ आजवर पाकिटातून येत-जात होता. आता तो चारचौघांत असावा.

तुमची
हिराअक्का